बाजार पाडला जातो तेव्हा दुकानदाराने काय सांभाळावे

मुंबईच्या भेंडीबाजारात जुनी वस्ती पाडून नवी बांधण्याची योजना २००९ साली सुरू झाली. दाऊदी बोहरा जमातीचे त्या वेळचे धर्मगुरू सय्यदना मुहम्मद बुऱ्हाणुद्दीन यांच्या प्रेरणेने सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्याने हे काम हाती घेतले. सुमारे साडेसोळा एकर जमीन, अडीचशेच्या आसपास इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने, एवढा या योजनेचा पसारा. चर्चा होते ती घरांची आणि उंच मनोऱ्यांची. आम्हा व्यापाऱ्यांनी मात्र १,२५० हा आकडा ध्यानात धरून या प्रकरणाचा अभ्यास करावयास हवा. कारण आज ना उद्या हीच वेळ प्रत्येक जुन्या बाजारावर येणार आहे.

जुने पाडूच नये, असे आमचे म्हणणे नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतील बहुतेक जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाच्या हाती जे भाडे पडे त्यात चुन्याची एक गोणी येत नसे, मग त्याने डागडुजी कशाला करावी? १९६९ साली सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढले, तेव्हा या मंडळाच्या गळ्यात १९,६४२ इमारती पडल्या. टेकू लावून लावून किती लावणार? ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे दगावली. ती याच योजनेत पाडावयाच्या इमारतींपैकी होती. म्हणून इमारत पाडण्यावर वाद घालण्यात हशील नाही. वाद आहे तो पाडण्यापूर्वी दुकानदाराच्या हातात काय असावे याचा.

पहिली गोष्ट, घरवाल्याचा आणि दुकानदाराचा नफानुकसान एक नाही. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत उपकरप्राप्त इमारतींसाठी ३३(७) हा नियम आहे आणि अनेक इमारतींच्या समूहासाठी ३३(९) आहे. ३३(७) प्रमाणे घरवाल्याची खोली कितीही लहान असो, त्याला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळते. म्हणजे १२० फुटांच्या खोलीत राहणाऱ्याला अडीचपट जागा, शिवाय घरात स्वतःचा संडास. त्याने संमतीपत्रावर आनंदाने सही केली तर नवल नाही. दुकानदाराला मात्र जुने क्षेत्रफळ जेवढे तेवढेच मिळते. ८० फुटांच्या दुकानाला ८० फूट. आता वरच्या तीन-चार मजल्यांवर घरे आणि तळमजल्यावर सात-आठ दुकाने, अशा इमारतीत संमतीची टक्केवारी मोजली की दुकानदार नेहमीच अल्पसंख्य. एकट्याने ‘नाही’ म्हणून काही थांबत नाही. मागावयाचे ते सही देण्याआधीच मागावे लागते.

दुसरे म्हणजे, दुकान चौरस फुटांत मोजले जात असले तरी धंदा फुटांत चालत नाही. आम्ही कापडवाले हे चांगले जाणतो. त्याच मापाचे दुकान रस्त्यावर असले तर लग्नसराईत उसंत मिळत नाही, आणि तेच आतल्या बोळात गेले की दिवसभर तागे घडी घालत बसावे लागते. मुफस्सलचे गिऱ्हाईक एका दुकानासाठी मुंबईला येत नाही. ते गल्लीसाठी येते. अस्तर इथे, गोटा-किनार पलीकडे, शिलाईवाला माडीवर, आणि भाव पटला नाही तर समोर दुसरा दुकानदार आहेच. त्या समोरच्या दुकानदाराला आपण हरीफ म्हणतो. पण तो उठून गेला की आपलेही गिऱ्हाईक कमी होते. उधारीचेही तसेच. बाजारात वीस वर्षे बसलेल्याला गिरणीचा आडत्या तोंडी शब्दावर माल देतो, कारण त्याला ठाऊक असते की हा माणूस उद्याही इथेच सापडेल.

सबब करारनाम्यात नुसते क्षेत्रफळ लिहून घेणे पुरेसे नाही. तळमजला आहे की पहिला मजला? तोंड रस्त्याला आहे की आतल्या मार्गिकेला? दर्शनी रुंदी किती फूट? ८ फूट तोंड आणि १० फूट खोली असलेले दुकान, आणि ५ फूट तोंड व १६ फूट खोलीचे दुकान, कागदावर दोन्ही ८० चौरस फूटच. पण दुसऱ्यात साड्या मांडून दाखवता येत नाहीत. छताची उंचीही लिहून घ्यावी. जुन्या दुकानांत पोटमाळ्यावर निम्मा माल राहतो. तो पोटमाळा मंजूर नकाशात नसेल तर मोजणीत धरला जात नाही, ओटा तर नाहीच नाही. म्हणजे ८० फुटांच्या बदल्यात ८० फूट मिळाले तरी मालाची जागा अर्धी झालेली असते. याचा हिशेब आधी करून गोदामाचा प्रश्न बोलणीच्या वेळीच काढावा. एका व्यवसायाची दुकाने नव्या इमारतीत एकत्र राहावीत, हेही नकाशा बनत असतानाच सांगावयास हवे. भिंती उभ्या राहिल्यावर वास्तुशास्त्रज्ञ फक्त सहानुभूती देतो.

आता कागदांचे बोलू, कारण आमचे बांधव इथेच कच्चे आहेत. पगडी देऊन घेतलेल्या दुकानाची भाडेपावती अनेक घरांत अजून आजोबांच्या नावे निघते. आजोबा गेले, वडील गेले, दुकानात चार भावांपैकी दोन भाऊ बसतात, एक परदेशी आहे, आणि बहिणींचे नाव कोणी घेतही नाही. भाडे चालू आहे तोवर हे सारे चालून जाते. नव्या इमारतीत जागा कोणाच्या नावे, हा प्रश्न आला की सगळे जागे होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सांगतो की, धंद्याच्या जागेचा भाडेकरू मरण पावल्यास त्या वेळी त्याच्याबरोबर तेथे धंदा करणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. तसा कोणी नसेल तर वारसांपैकी एक, आणि वारसांचे एकमत न झाल्यास कोर्ट ठरवील तो. इकडे शरीअतप्रमाणे मयताच्या मालमत्तेत मुलींचाही हिस्सा आहे. भाडेहक्काच्या जागी पुढे मालकीची जागा आली की तिची किंमत लाखांत नव्हे, कोटींत बोलली जाते, आणि सख्खे भाऊ वकिलांच्या जिन्यात भेटतात. पावती आताच योग्य नावावर करून घ्यावी, आणि घरातील हिस्सेदारांचा आपसातील समझोता लेखी करून नोंदवावा. इमारत उभी आहे तोवर हे काम थोड्या खर्चात होते.

याच कायद्याने पगडीची रक्कम घेणेदेणे कायदेशीर केले आहे आणि भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा असे म्हटले आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्याने ती केली नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे कलम ५५ पुष्कळांना माहीतच नाही.

इमारत धोकादायक म्हणून महापालिका कलम ३५४ ची नोटीस देते तेव्हा दुकानदार घाबरतो की, इमारत गेली म्हणजे हक्क गेला. तसे नाही. सांगलीच्या एका दुकानजागेच्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरार संपत नाही, कारण खालची जमीन शिल्लक राहते. मात्र हक्क शिल्लक असणे वेगळे आणि तो किती फुटांचा होता हे दाखवता येणे वेगळे. पाडण्यापूर्वी भाडेकरूंची यादी आणि मोजमाप होते, त्या वेळी दुकानात हजर राहून आपला आकडा तपासावा व प्रत मागून घ्यावी. फोटो काढावेत, वीजबिले व जुन्या पावत्या एका फाइलीत लावाव्यात.

मग येतो मधला काळ. भेंडीबाजारात योजना जाहीर झाल्यापासून पहिल्या मनोऱ्यांचा ताबा मिळू लागेपर्यंत दशकभर लोटले. हा ट्रस्ट नफ्यासाठी उभा राहिलेला बिल्डर नव्हे, मागे एका संघटित जमातीचा विश्वास होता, तरीही एवढा काळ लागला. मग सामान्य बिल्डरकडून तीन वर्षांत चावी मिळेल असे ज्याला वाटते त्याने आपली पेढी त्या भरवशावर हलवू नये. घरवाला माझगावच्या किंवा शिवडीच्या खोलीत राहून दिवस काढू शकतो. दुकानाचे गिऱ्हाईक तिथपर्यंत येईलच असे नाही. म्हणून पर्यायी दुकान शक्यतो त्याच रस्त्यावर मागावे. रोख भाडे मिळणार असेल तर ते दरवर्षी वाढण्याची अट, आगाऊ धनादेश आणि मुदत उलटल्यास दंड, एवढे लिहिलेले असावे.

जागा बदलली की तीन ठिकाणी लगेच कळवावे. जीएसटी नोंदणीतील मुख्य पत्ता बदलण्याचा अर्ज १५ दिवसांत करावयाचा असतो. बँकेची कॅश क्रेडिट दुकानातील मालाच्या तारणावर असते, माल हलवला हे बँकेला ठाऊक हवे. आणि विमा! आगीचा विमा पत्त्यावर असतो. माल पर्यायी गाळ्यात आणि पॉलिसीवर जुना पत्ता असेल तर नुकसानीनंतर कंपनी काय म्हणेल ते सांगावयास नको.

नव्या दुकानात गेल्यावर देखभालीचा खर्च सुरू होतो, तोही सहीच्या वेळी विचारावा. लिफ्ट, पंप, जनरेटर, अग्निशमन यांचा भार सर्वांवर सारखा टाकला जातो. तळमजल्याच्या दुकानदाराने तेविसाव्या मजल्याच्या लिफ्टचे पैसे किती द्यावेत, याचे सूत्र करारात असले म्हणजे पुढे सोसायटीच्या सभेत आवाज चढवावा लागत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न कारीगरांचा आहे. दुकानाच्या माडीवर बसणारा जरदोजीवाला, जिन्याखाली मशीन टाकलेला रफूगर, ओट्यावरचा इस्त्रीवाला, यांच्यापाशी ना पावती ना करार. दुकानदाराला महिना काहीतरी देऊन ते पंधरा-वीस वर्षे बसलेले असतात. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर जागेत असणाऱ्याला कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले, पण त्यानंतर आलेल्यांना त्याचा उपयोग नाही. कोणत्याही योजनेच्या यादीत त्यांचे नाव लागत नाही, आणि त्यांच्या हुनरावर चालणाऱ्या दुकानांना ते हवे असतात. फुटपाथवरच्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा तरी आहे. माडीवरच्या कारीगराला तेवढाही आधार नाही. बाजाराच्या व्यापारी संघटनेने बोलणी सुरू होण्याआधी अशा सर्वांची नावे, कामाचा प्रकार आणि बसण्याची जागा लिहून काढावी, आणि नव्या नकाशात कारीगरांसाठी एक सामाईक मजला किंवा मोठा हॉल माफक भाड्याने ठेवण्याची मागणी आपल्या मागण्यांबरोबर त्याच कागदावर द्यावी. सह्या झाल्यानंतर दिलेल्या वेगळ्या अर्जाला कोणी उत्तर देत नाही.