लिहिणाऱ्याला किती द्यावं?

शेतीवर वेबसाइट काढतोयस, तीही मराठीत, उत्तम. लेखकांना किती द्यायचे हे विचारलंस, म्हणून सांगतो.

शब्दाला किती, हे शेवटी बघ. आधी तास मोज. हजार शब्दांचा लेख धर. माहिती काढायला तीन तास, दोघांशी फोनवर बोलायला एक, लिहायला तीन, दुरुस्तीला एक, झाले आठ. लेखकाला महिन्याला 40,000 सुटायला हवेत आणि पैसे मिळतील असे तास शंभरच भरतात असं धर. बाकीचे कामं शोधण्यात आणि तगादे लावण्यात जातात. म्हणजे तासाला 400, लेखाला 3,200. तू शब्दाला पन्नास पैसे दिलेस तर त्याला तासाला साडेबासष्ट पडतात. तेवढ्यात तो कुणाला फोन करणार? दोन-तीन लेख उघडेल आणि फिरवून लिहील.

असा लेख ‘सोयाबीन हे एक महत्त्वाचे पीक आहे’ इथून सुरू होतो. ज्याच्या शिवारात सोयाबीन उभं आहे, त्याला हे कशाला? त्याला पानं पिवळी का पडली ते हवंय. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर बहुधा लोहाची कमतरता. पानभर पिवळे-हिरवे चट्टे विखुरलेले असतील, तर पिवळा मोझॅक, आणि तो पसरवते पांढरी माशी. दोन्हींचे उपाय वेगळे. हा फरक विचारून लिहिणाऱ्यालाच जास्त पैसे द्यायचे.

इंग्रजीचा शब्दभाव मराठीला लावू नकोस. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर कमी शब्दांत बसतो. शिवाय शब्द मोजलेस की नेमकं लिहिणारा मार खातो आणि पाल्हाळ लावणारा कमावतो. लेखाला ठोक रक्कम ठरव.

नव्या लेखकाकडून नमुना जरूर घे, पण त्याचेही पैसे दे. फुकट मागितलास की हाताला काम असलेले फिरकत नाहीत.

दुरुस्त्या किती वेळा आणि फोटो कुणी द्यायचे, हे आधीच लिहून ठेव. हक्काचं तर सहीनिशी हवं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या लेखकाचा लेख त्याचाच राहतो. हक्क लिहून घेतलेस पण मुदत घातली नाहीस, तर ती पाचच वर्षांची धरतात.

टीडीएस कापणार असशील तर तेही आधी सांग. 3,200 ठरवून हातात 2,880 पडले की माणूस बिथरतो.

पैसे वेळेवर दे. उधारीचं पोतं सव्वा हात रितं. लेखकाची उद्यम नोंदणी असेल, तर कायद्यानंच 45 दिवसांपलीकडे थांबवता येत नाही. पुढे चक्रवाढ व्याज लागतं.

आणि पैसे कमी असतील तर भाव पाडू नकोस, लेख कमी घे. महिन्याला आठ हजारच असतील, तर पाचशेचे सोळा नकोत. 3,200 चे दोन घे. उरलेल्या सोळाशेत ते दोन्ही एखाद्या कृषितज्ज्ञाकडून तपासून घे, मगच वेबसाइटवर टाक.