चायनीज नूडल्स, भट्टीवरील मांस आणि आपला पथ्योपदेश

प्रस्तावना

नाशिकपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर वसलेले दिंडोरी हे द्राक्षबागांचे तालुक्याचे गाव. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळजवळ ज्या दिंडोरी रस्त्यावर उभे आहे, तोच रस्ता पुढे दिंडोरीहून वणी, सप्तशृंगगड आणि सापुताऱ्याकडे जातो. या रस्त्यावर यात्रेकरू, द्राक्षाचे व्यापारी, पेठ-सुरगाण्याकडून छाटणीस येणारे मजूर आणि कारखान्यांतील पाळीचे कामगार यांची सतत ये-जा असते. अशा ठिकाणी सायंकाळी चायनीजच्या गाड्या लागाव्यात, भट्टी पेटावी, ढाब्यांवर गर्दी व्हावी, हे ओघानेच आले.

यातील काही मंडळी दुसऱ्या दिवशी आपल्या चिकित्सालयात येतात. ऊर्ध्व अम्लपित्त, कंठदाह, आध्मान, विबंध, क्वचित शीतपित्त ही नित्याची लक्षणे. आपण नाडी व जिव्हा पाहतो, चूर्ण देतो आणि सांगतो, "बाहेरचे खाणे एकदम बंद करा." रुग्ण मान डोलावतो आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. आम्हीही अनेक वर्षे हेच करीत आलो. या उपदेशात शास्त्र किती आणि सवय किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी चरक विमानस्थानातील अष्ट आहारविधिविशेषायतनांचा आधार घेतला आहे. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही ती आठ आयतने होत.

या आहाराची पूर्वपीठिका

आपण ज्यास 'चायनीज' म्हणतो, तो आहार बव्हंशी भारतातच घडलेला आहे. कोलकात्याच्या टांगरा भागातील चिनी वस्तीत हक्का समाजाचे लोक मोठ्या संख्येने राहत. 'हक्का नूडल्स' हे नाव त्या समाजावरून आले. चिकन मंचुरियन या पदार्थाचे श्रेय नेल्सन वांग यांना दिले जाते. त्यांनी तो सन १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये आले, लसूण, हिरवी मिरची यांत सोया सॉस घालून तयार केला. 'शेजवान' हे नाव चीनमधील सिच्वान प्रांताचे. तेथील स्वयंपाकात वापरले जाणारे तिखट फळ हे आपल्या तुंबरूच्या व कोकणातील तिरफळाच्याच वनस्पतिगणातील आहे. गाडीवरच्या शेजवान चटणीत मात्र ते सहसा नसते, तेथे लाल मिरची आणि लसूण यांचेच प्राबल्य असते. म्हणून हा आहार परका समजून बाजूस न सारता, आपल्याच देशातील नवे कृतान्न म्हणून त्याची परीक्षा करणे उचित ठरेल.

नूडल्स : प्रकृती व करण

नूडल्सचे मूळ द्रव्य गोधूम. तो मधुर, शीत, गुरू, स्निग्ध, बृंहण व संधानकर सांगितला आहे. भावप्रकाशाच्या कृतान्नवर्गात 'सेविका', म्हणजे आपल्या शेवया, वर्णिलेल्या आहेत. त्या तर्पण, बल्य, गुरू, ग्राही व रुच्य असून अतिमात्रेत खाऊ नयेत, असे भावमिश्रांनी म्हटले आहे. नूडल्सला शास्त्रातील सर्वांत जवळचा पदार्थ हाच होय.

मग भेद कोठे पडतो? सेविका दूध, तूप व शर्करा यांसह सिद्ध होते. गाडीवरील नूडल्स कोंडा काढलेल्या मैद्याच्या असतात. त्या आधी उकडून ठेवलेल्या असतात आणि मागणी येताच तीव्र अग्नीवर तेलात परतल्या जातात. द्रव्याचे गुरुत्व कायम राहते, परंतु घृत-दुग्धाचे पित्तशमन जाते आणि त्या जागी तेल, मिरची व शिरका येतात. गुरू अन्नास विदाही संस्काराची जोड मिळाली की अग्निमांद्य आणि पित्तप्रकोप एकत्र दिसतात. 'पोट जड आहे आणि जळजळही होते' ही रुग्णाची तक्रार याच संस्काराची द्योतक आहे. चरकांनी मात्राशितीय अध्यायात पिष्टमय गुरू पदार्थ जेवणानंतर खाण्याचा निषेध केला असून, खावयाचेच तर भूक असताना मात्रेने खाण्यास सांगितले आहे. घरी जेवून पुन्हा गाडीवर 'हाफ प्लेट' घेणाऱ्यास हा नियम आवर्जून सांगावा.

मांस : भाजणे आणि तळणे यांतील भेद

मांसाहार म्हटला की सरसकट निषेध करण्याची प्रवृत्ती आपल्यात आढळते. संहितांची दृष्टी तशी नाही. कुक्कुटमांस स्निग्ध, उष्ण, बृंहण, बल्य व वातघ्न, तर अजमांस नातिशीत, गुरू, स्निग्ध असूनही अदोषल व अनभिष्यंदी सांगितले आहे. सुश्रुत सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायात भर्जित, प्रतप्त, कंदुपाचित, परिशुष्क, प्रदिग्ध, शूल्य असे मांसाचे अनेक संस्कार दिले आहेत. त्यांतील शूल्य, म्हणजे सळईत ओवून निखाऱ्यावर भाजलेले मांस, हे भट्टीवरील मांसाचेच पूर्वरूप होय. त्याचे गुरुत्व किंचित अधिक मानले आहे. तैलसिद्ध मांस मात्र उष्णवीर्य, पित्तकर व गुरू, तर घृतसिद्ध मांस लघू, अग्निदीपन व पित्तघ्न म्हटले आहे.

मांस तेच असताना केवळ संस्काराने गुण पालटतो, हे येथे आचार्य शिकवितात. व्यवहारात याचा अर्थ असा की, पित्तप्रधान रुग्ण मांस सोडण्यास तयार नसेल, तर तळलेल्या चिकन लॉलीपॉपपेक्षा भट्टीवर नीट भाजलेला तुकडा त्यास कमी अपायकारक ठरेल. येथे आधुनिक ज्ञानाचीही जोड द्यावी. मांस फार तीव्र उष्णतेवर करपल्यास त्यात कर्करोगजनक ठरू शकणारी संयुगे तयार होतात, म्हणून काळा पडलेला भाग काढून टाकण्यास सांगावे. आधी मसाला लावून मुरविल्याने त्यांपैकी काही संयुगांचे प्रमाण घटते, असेही अभ्यासांत दिसून आले आहे.

संयोग : दोष अजिनोमोटोचा की लवणाचा?

रुग्ण आणि कधी कधी वैद्यही सर्व दोष 'अजिनोमोटो'वर टाकतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी सन १९०८ मध्ये समुद्रशैवालातून ग्लुटामेट वेगळे केले आणि पुढील वर्षी ते या नावाने विक्रीस आले. सन १९६८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या डॉक्टरांच्या पत्रानंतर त्याविषयी भीती पसरली. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत ती लक्षणे सातत्याने आढळली नाहीत. काही संवेदनशील व्यक्तींत, मोठी मात्रा अन्नाविना दिल्यास, तात्पुरता त्रास दिसला. अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के, तर साध्या मिठात सुमारे ३९ टक्के असते. अजिनोमोटो निर्दोष ठरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्याच्याकडे बोट दाखविताना खरा अतियोग नजरेआड होतो आणि तो लवणाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पोहे खाण्याच्या मोठ्या चमच्याने एक चमचा सोया सॉस घेतल्यास सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सव्वादोन ग्रॅमहून अधिक मिठाइतके सोडियम पोटात जाते. मीठ, चटणी व इतर सॉस त्याशिवाय. चरकांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण या तिघांचा अतिवापर वर्ज्य मानला आहे आणि लवणाच्या अतिसेवनाने शरीरास ग्लानी, शैथिल्य व दौर्बल्य येते असे म्हटले आहे. हा उपदेश आजच्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णास तंतोतंत लागू पडतो.

रंगाचा प्रश्न वेगळा आहे. गोव्यात सन २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहात आणि सन २०२४ मध्ये म्हापशाच्या बोडगेश्वर जत्रेत गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर निर्बंध आले. कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधील आणि जूनमध्ये कबाबांतील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तळणाच्या तेलाबाबत १ जुलै २०१८ पासून देशभर नियम आहे. तेलातील एकूण पोलर संयुगे २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास ते तेल वापरता येत नाही. काळे, दाट आणि फेस धरणारे तेल दिसल्यास तेथे तळलेले खाऊ नये, इतके रुग्णास सांगता येते.

राशी, देश, काल, उपयोगसंस्था

ऑक्टोबरची फळछाटणी शरद ऋतूत येते. तो पित्तप्रकोपाचा काळ. दिवसभर उन्हात राबून, रात्री उशिरा, उभ्याने आणि घाईत हा आहार घेतला जातो, त्यावर थंड पेय घेतले जाते आणि लगेच निद्रा. येथे काल, उपयोगसंस्था व संयोग ही तीनही आयतने एकाच वेळी बिघडतात. हाच पदार्थ हेमंतात, सायंकाळी लवकर, भूक लागल्यावर, बसून आणि अल्प मात्रेत घेतल्यास त्रास पुष्कळ कमी होतो. तेव्हा 'काय खाल्ले?' या प्रश्नाइतकेच 'केव्हा, किती आणि कसे खाल्ले?' हे प्रश्नही महत्त्वाचे आहेत.

उपयोक्ता : 'एकदम बंद' अशास्त्रीय का?

आठवड्यातून चार रात्री गाडीवर जेवणाऱ्या कामगारास तो आहार ओकसात्म्य झालेला असतो. अशा अपथ्याचा त्याग एकाएकी करू नये, पाव-पाव भागाने अपथ्य सोडवावे आणि तितक्याच भागाने पथ्य रुजवावे, असा पादांशिक क्रम चरक सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. आपण तो व्यसनमुक्तीच्या प्रसंगी आठवतो, पण रोजच्या पथ्योपदेशात विसरतो. 'एकदम बंद करा' हे वाक्य म्हणूनच निष्फळ ठरते. रुग्ण ते पाळत नाही, आपल्यापासून ते लपवितो आणि पुढे निदानच चुकते.

औषधालयाविषयी

येथे औषधालयचालक बंधू-भगिनींचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. अपचन झाले की रुग्ण स्वतःच लवणभास्कर, शंखवटी किंवा अविपत्तिकर मागतो आणि आपण देतो. शार्ङ्गधरोक्त पाठानुसार लवणभास्करात सामुद्र, सौवर्चल, बिड व सैंधव या चार लवणांचा एकत्रित वाटा सुमारे दोन पंचमांश आहे. दिवसाला ६ ग्रॅम चूर्ण दिले तर सुमारे अडीच ग्रॅम लवण आपणच देतो, म्हणजे वर सांगितलेल्या दिवसाच्या मर्यादेचा निम्मा भाग. गाडीवर लवणाचा अतियोग आणि औषधालयात पुन्हा लवणच, असा हा प्रकार आहे. रक्तदाबाच्या, शोथाच्या वा वृक्कविकाराच्या रुग्णास तो घातक ठरू शकतो.

अविपत्तिकरात शर्करा निम्मी असते. प्रमेही रुग्णास ते देताना विचार करावा. त्यात त्रिवृतही मोठ्या प्रमाणात असल्याने गर्भिणीस व अतिसाराच्या रुग्णास ते देऊ नये. शंखवटीच्या अनेक पाठांत पंचलवण व क्षारासह वत्सनाभ आहे. वत्सनाभ हे औषधी कायद्याच्या अनुसूची ई (१) मधील द्रव्य असल्याने ती वटी सल्ल्याविना देणे योग्य नव्हे. तेव्हा चूर्ण देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याचा प्रघात पाडावा : रक्तदाब आहे का? मधुमेह आहे का? हे औषध किती दिवसांपासून घेत आहात?

आणखी एक सावधगिरी. चाळिशीनंतरच्या रुग्णास छातीत जळजळ वा दाब, घाम, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी वेदना असेल, तर 'रात्री चायनीज खाल्ले' या त्याच्या सांगण्यावर विसंबू नये. चूर्ण न देता तत्काळ हृदयरोगाची तपासणी होईल अशा ठिकाणी पाठवावे. काळे मल, रक्तयुक्त वमन अथवा गिळण्यास त्रास होत असल्यासही हाच नियम पाळावा.

व्यवहार्य पथ्योपदेश

१. आठवड्यातील वेळा मोजून घ्याव्यात. चारच्या तीन, तीनच्या दोन असा क्रम ठेवावा. सुटलेल्या रात्री भाकरी, मुगाचे वरण व भाजी यांचा आग्रह धरावा.

२. रात्री आठच्या आत आणि भूक असतानाच खावे. घरचे जेवण व गाडीवरचे खाणे एकाच रात्री नको.

३. गाडीवाल्यास 'सॉस कमी, रंग नको, भाज्या जास्त' असे सांगण्यास रुग्णास शिकवावे. वरून चटणी घेऊ नये.

४. तळलेल्या मांसाऐवजी रंगविरहित, न करपलेले भाजलेले मांस घ्यावे. सोबत शीतपेयाऐवजी कोमट पाणी घ्यावे.

५. दुसऱ्या दिवशी जीर्णाहार लक्षणे दिसेपर्यंत लंघन किंवा पेया, मुद्गयूष असा लघू आहार असावा. बहुतेक सौम्य तक्रारी यावरच शमतात, औषधाची गरज पडत नाही.

६. रक्तदाब, वृक्कविकार, रक्तपित्त, सगर्भावस्था आणि वारंवार उद्भवणारे शीतपित्त असलेल्यांना मात्र स्पष्ट निषेध करावा व त्याचे कारण समजावून सांगावे.

समारोप

चायनीजची गाडी आणि भट्टी आपल्या गावांतून जाणार नाहीत. त्यांच्याकडे केवळ तुच्छतेने पाहिल्यास रुग्ण दुरावतो आणि त्या अन्नाच्या दोषांवर दोषयुक्त औषधाची भर पडते. आठ आयतनांच्या आधारे प्रश्न विचारल्यास नेमका कोणता घटक बिघडला ते कळते आणि तेवढाच सुधारता येतो. वैद्यबंधू-भगिनींनी पुढील त्रैमासिकापर्यंत आपल्या रुग्णपत्रकात रात्रीच्या आहाराची वेळ, वारंवारता व संस्कार या तीन नोंदी नियमाने कराव्यात आणि औषधालयांनी वरील तीन प्रश्न विचारण्यास आरंभ करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. शास्त्र आपणांजवळ आहेच, ते औषधालयाच्या फळीपर्यंत आणणे हे आपले काम होय.