अर्थशास्त्र घ्यायचं ठरलं, पण कुठलं?

बारावीचा निकाल लागला की पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘इकॉनॉमिक्सला स्कोप आहे का?’ आहे. रिझर्व्ह बँकेत संशोधन विभाग आहे, यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा आहे, खासगी क्षेत्रही आहे. पण ज्या कॉलेजात मूल तीन-चार वर्षं घालवणार, तिथे हा विषय कोणत्या अंगाने शिकवतात, हे फारसं कुणी विचारत नाही. फरक मोठा आहे.

लासलगावला कांद्याचे भाव कोसळले, असं धरा. एक अभ्यासक मागणी-पुरवठ्याची समीकरणं मांडेल. दुसरी बरीच वर्षांची आवक आणि भाव घेऊन बसेल आणि डिसेंबर २०२३च्या निर्यातबंदीने भाव किती पडले, वाढत्या आवकेने किती, हे वेगळं काढू पाहील. तिसरा लिलावात जाऊन उभा राहील. बोली लावणारे व्यापारी किती, हिशोबपट्टीत हमाली-तोलाईपोटी काय कापलं, माल थांबवायला शेतकऱ्याकडे कांदाचाळ आहे का, की उसनवारी फेडायला आजच विकणं भाग आहे? चौथी विचारेल, घरच्या बाईने केलेल्या लागवडीची आणि खुरपणीची मजुरी कुठल्या खात्यात धरली? चौघेही अर्थतज्ज्ञच.

तिसरी वाट तर महाराष्ट्राच्या घरची. पुण्याच्या गोखले संस्थेची स्थापना १९३०ची. तिथे धनंजयराव गाडगीळांनी प्रत्यक्ष पाहण्यांची परंपरा घातली, आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतही ते होते. आज बऱ्याच वर्गांत मात्र आलेख आणि नोट्स यांपलीकडे मुलं जात नाहीत, याचं मला वाईट वाटतं. विषयाच्या सीमा एवढ्या आखूड नाहीत: २००२चं अर्थशास्त्राचं नोबेल मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना मिळालं, २००९चं राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना.

एक मात्र स्पष्ट सांगतो. गणित टाळायला म्हणून अर्थशास्त्र घेऊ नका. एम.ए.च्या चांगल्या प्रवेशपरीक्षांत ते आडवं येतंच, आणि पाहणी करणाऱ्यालाही संख्याशास्त्र लागतं. उलट गणितात तरबेज मुलाने इतिहासाला नाक मुरडू नये.

तेव्हा कॉलेजात फी विचारण्याआधी अभ्यासक्रमाची प्रत मागा. आर्थिक विचारांचा इतिहास आहे का, संख्याशास्त्र किती, मुलांना पाहणीसाठी बाहेर नेतात का, हे पाहा. आणि प्रत वाचताना मुलाला शेजारी बसवा. निवड त्याची आहे.