आवडीचं काम पोट भरत नाही, तेव्हा काय करायचं? एका मेटल गायकाची गोष्ट



चंदगड, आजरा, गडहिंग्लज या भागातून मला एक प्रश्न वारंवार येतो. "सर, मला जे येतं त्याला इथं गिऱ्हाईकच नाही. सोडून देऊ का?" कोणी बांबूच्या वस्तू करतं, कोणी नाचणीची बिस्किटं, कोणी गाणी बसवतं. घरचे म्हणतात, सरळ पुण्याला जाऊन नोकरी बघ. या प्रश्नाला "मन लावून कर, पैसा आपोआप येईल" असं उत्तर देणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. पैसा आपोआप येत नाही.

म्हणून आज एक असा माणूस घेतलाय, ज्याच्या मालाला आपल्या देशात अगदी थोडं गिऱ्हाईक होतं. मुंबईचे साहिल माखिजा. हेवी मेटल गायक. रंगमंचावरचं नाव 'डिमनस्टीलर'. हेवी मेटल म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा कानठळ्या बसवणारा आवाज, वेगवान ड्रम आणि बऱ्याचदा घशातून काढलेली गुरगुर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस नुसता ओरडतोय. पण तो आवाज शिकून, श्वासावर ताबा ठेवून काढावा लागतो, नाहीतर घसा बसतो. एवढी मेहनत करून हे गाणं लग्नात वाजत नाही, गणपतीत वाजत नाही आणि हिंदी सिनेमात तर नाहीच.

2000 साली त्यांनी 'डिमॉनिक रिझरेक्शन' हा बँड उभा केला. त्या काळात मुंबईत रॉक ऐकणाऱ्यांचं ठिकाण म्हणजे धोबी तलावचं रंगभवन. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. म्हणजे बघा, आधीच गिऱ्हाईक कमी आणि त्यात बाजारपेठच उठली. आपल्याकडे आठवडी बाजार बंद झाला तर जी गत होईल, तीच.

आता ते काय करत गेले ते नीट बघा. गाणी रेकॉर्ड करायला बाहेरचा स्टुडिओ परवडत नाही, म्हणून रेकॉर्डिंग स्वतः शिकले. अल्बम काढायला कंपनी पुढे येत नाही, म्हणून स्वतःची कंपनी काढली, डिमनस्टीलर रेकॉर्ड्स, आणि तिच्यातून दुसऱ्या बँडचेही अल्बम काढले. कार्यक्रम होत नाहीत, म्हणून स्वतःच कार्यक्रम भरवले. इथं थोडं थांबा. आपण काय करतो? साखळीतला एखादा दुवा तुटला की सरकारला नाहीतर नशिबाला बोल लावतो. त्यांनी तुटलेला दुवा स्वतः जोडायला घेतला, आणि प्रत्येक वेळी हातात एक नवं कसब आलं.

फळ मिळालं, पण दहा वर्षांनी. 2010 साली 'द रिटर्न टू डार्कनेस' हा अल्बम ब्रिटनच्या कँडललाइट रेकॉर्ड्सने परदेशात नेला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कार बँडला मिळाला. 2014 मध्ये जर्मनीच्या वाकन महोत्सवात, म्हणजे या संगीताच्या पंढरीतच, ते वाजवून आले. 2017 मध्ये 'दशावतार' नावाचा अल्बम केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणं. परदेशी माणसाला जे दुसरीकडे मिळणार नाही, ते आपल्या घरातून काढलं.

पण नाव झालं म्हणजे घर चाललं असं नाही. हिशोब साधा आहे. समजा तुमच्या घरचा महिन्याचा खर्च 18,000 रुपये आणि आवडीच्या कामातून येतात 6,000. वरचे 12,000 कुठून तरी यायलाच हवेत. ते कर्जातून आले तर दोन वर्षांत काम बंद. कामाची जात बदलून आणले, म्हणजे सगळ्यांना आवडेल असं काहीतरी करायला लागलात, तर ते काम तुमचं राहत नाही.

माखिजांनी तिसरी वाट धरली. त्यांना स्वयंपाकाची आवड होती. कॅमेरा, माईक, एडिटिंग हे बँडमुळे अंगवळणी पडलेलं होतं. त्यातून 'हेडबँगर्स किचन' हे यूट्यूब चॅनल निघालं. आधी काय होतं, पदार्थ करायचा आणि मेटल बँडची मुलाखत घ्यायची. यात एक अडचण होती. बघणारे तेच, आधीचेच मोजके लोक! पुढे ते स्वतः कीटो आहार करू लागले, म्हणजे पोळी-भात-साखर जवळजवळ बंद, आणि त्याच्याच पाककृती चॅनलवर दाखवू लागले. तेव्हा चॅनल खरं पसरलं. ज्यांनी जन्मात मेटल ऐकलं नाही, असे जगभरातले लाखो लोक ते बघू लागले. (कीटो चांगलं की वाईट हे डॉक्टरांना विचारा, तो आपला विषय नाही.)

आणि गाणं? ते थांबलं नाही. 2016 च्या स्वतःच्या अल्बमसाठी त्यांनी ग्रीसचे नामांकित ड्रमर जॉर्ज कोलियास यांच्याकडून ड्रम वाजवून घेतले. 2023 मध्ये आणखी एक अल्बम आला. गाण्यावर पोट अवलंबून नसलं की त्यात तडजोड करायची वेळ कमी येते, असं माझं मत आहे.

काही जण म्हणतील, गायक माणूस भाज्या चिरताना दिसतो, कमीपणा नाही का वाटत? आपल्याकडे हाच अडसर मोठा आहे. मूर्तिकार गणपतीनंतर आठ महिने रिकामा बसेल, पण त्याच साच्यांच्या कसबावर दुकानांचे बोर्ड करणार नाही, कारण लोक काय म्हणतील.

चंदगडला काजू फोडणाऱ्यांना मी जे सांगितलं तेच इथं सांगतो. काजूगर विकता, ठीक. टरफल तेलासाठी जातं, तुकडा मिठाईवाल्याकडे जातो. तुम्ही एकच माल आणता, पण पैसे तीन दारांनी येतात. तसंच स्वतःच्या कसबाचं करा. आज रात्री वहीत लिहा : माझ्याकडची कोणती वस्तू, कोणती ओळख, कोणतं कसब महिन्यातले वीस दिवस पडून असतं? आणि त्याला पैसे देणारा, माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपेक्षा वेगळा, बेळगाव, गोवा किंवा कोल्हापुरात कोण आहे? चार ओळी झाल्या तरी चालतील. व्हिडिओखाली टाका, पुढच्या भागात त्यातल्या तीन-चार घेऊन आपण आकडे मांडू.