फुकट ते पौष्टिक, पण शिजवणार कोण?

कृतिदेव फॉन्ट ज्यांनी वापरलाय, त्यांना आमचं दुखणं सांगायला नको. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींची जागा उलट. कृतिदेवमधला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी मुक्त-स्रोत लायब्ररी आम्ही नोएडात बसून सांभाळत होतो. ‘आम्ही’ म्हणजे शेवटी शेवटी मी एकटाच.

प्रकल्प तगावा म्हणून सेक्टर ६२ मधल्या एका कॉलेजात लोकांना बोलावलं. सभागृह भरलं, हात वर झाले, फोटो निघाले, स्टार वाढले. नंतर पुल रिक्वेस्ट आल्या त्या रीडमीतला स्वल्पविराम सुधारणाऱ्या. वेलांटीच्या बगला कोणी हात लावला नाही.

या सगळ्यात गुरुग्रामच्या एका कंपनीचा मॅनेजर रात्री-बेरात्री फोन करायचा. ‘सर, थोडा अर्जंट है, क्लायंट बैठा है.’ मी दुरुस्त करून द्यायचो. एकदा विचारलं, तुमचा एखादा इंजिनिअर आठवड्यातून अर्धा दिवस देता का? तो हसला. ‘पर सर, ये तो फ्री है ना?’ पुढे त्यांनी आपल्या दुरुस्त्या स्वतःच्या खासगी प्रतीत ठेवल्या. आमच्या लायब्ररीचं एमआयटी लायसन्स तसं करू देतं, हे मला कुणी शिकवू नये. त्या लायसन्सने कृतज्ञतेला मनाई केलेली नाही, एवढंच म्हणतो.

डोळे उघडले ते त्यांच्या अकाउंट्समधल्या बाईंमुळे. त्या सहज म्हणाल्या, ‘सर, डोनेशन का तो हमारे यहाँ हेड ही नहीं है. एएमसी का इनवॉइस भेज दीजिए.’ म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारातून वाट होती. मॅनेजरला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती आणि तो मला देणगीच्या गोष्टी करत झुलवत राहिला. इनवॉइस पाठवलं, तर मंजुरी त्याच्याकडेच अडकली. गरज सरो, वैद्य मरो! दर्यागंजातल्या एका छोट्या प्रकाशकाने मात्र तसंच इनवॉइस मुकाट्याने भरलं.

आता ज्यांचे प्रकल्प अजून जिवंत आहेत त्यांच्यासाठी.

नुसतं ‘मदत करा’ म्हणू नका. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं ते सांगा. उदाहरणार्थ, २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेयरची वेबसाइट भारतात उघडेनाशी झाली. ऑक्टोबरमध्ये हा प्लेयर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनने दिल्लीच्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने दूरसंचार विभागाला आणि इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाला कायदेशीर नोटीस धाडली. मागणी नेमकी होती: बंदीच्या आदेशाची प्रत द्या आणि आमचं म्हणणं ऐका. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली.

कंपनीकडे देणगी मागू नका, वार्षिक देखभालीचं इनवॉइस द्या. आणि इंजिनिअरशी गप्पा मारण्यात वेळ घालवण्याआधी बिल कोण मंजूर करतो ते विचारून घ्या.

संस्था नोंदवून परदेशातून देणग्या घ्यायचा विचार असेल, तर आधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, समजून घ्या. २०२० च्या दुरुस्तीपासून त्या पैशासाठी स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतच खातं लागतं. देशात मुक्त सॉफ्टवेअरसाठी झिरोधा कंपनीचा ‘फ्लॉस/फंड’ आहे. २०२४ मध्ये त्यांनी वर्षाला दहा लाख डॉलर जाहीर केले. अर्ज जरूर करा, पण त्यावर घर चालेल असं धरून चालू नका.

रिलीज करण्याचा अधिकार दोघांकडे असू द्या, पण घाईने कुणालाही देऊ नका. २०२४ मधलं ‘एक्सझेड’ या कॉम्प्रेशन लायब्ररीचं प्रकरण आठवा. थकलेल्या एकट्या माणसामागे अनोळखी लोकांनी लकडा लावला, मदतनीस घ्या म्हणून. आलेल्या मदतनिसाने गोड बोलून विश्वास मिळवला आणि आत चोरदरवाजा बसवला.

बाकी नेहमीचंच: दस्तऐवज लिहा, झोप घ्या, नवशिक्यांवर डाफरू नका.

आणि बंदच करायचं ठरलं, तर तारीख जाहीर करून करा. मी केली. आजवर गप्प बसलेले सगळे त्याच आठवड्यात जागे झाले, ‘सर, ऐसे कैसे बंद कर सकते हैं’ म्हणत. तुमच्याकडेही येतील. त्यांच्याशी वाद घालू नका, इनवॉइस पाठवा.