ल्यावयाची कला : पॉलिमर क्लेचे दागिने

दागिना म्हटला की आपण आधी धातू विचारतो आणि मग वजन. सोनाराकडे घडणावळ वेगळी द्यावी लागते. परंतु तोच दागिना मोडीत निघाला की घडणावळीचे काही हाती येत नाही. कारागिराचे श्रम तेथे शून्य ठरतात. या हिशेबाला छेद देणारे एक उदाहरण म्हणून पॉलिमर क्लेच्या दागिन्यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

नावात माती असली तरी ही खाणीतली माती नव्हे. पीव्हीसी या प्लास्टिकची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारे द्रव्य आणि रंग यांचे हे मिश्रण होय. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझे यांच्या कन्येने अशा द्रव्यावर काम केले व त्यातूनच पुढे ‘फिमो’ बाजारात आले. अमेरिकेत ‘स्कल्पी’ आले. बराच काळ ही वस्तू मुलांच्या हस्तकलेपुरतीच मानली गेली.

तिला कलेचे स्थान मिळवून दिले ते कलावंतांनी. नामांकित मृत्तिकाशिल्पी पीटर व्होल्कोस यांच्या कन्या पियर व्होल्कोस मूळच्या नर्तिका; त्यांनी या लगद्यातून मणी व हार घडविले. 1991 मध्ये नॅन रोश यांचे ‘द न्यू क्ले’ हे पुस्तक निघाले आणि तंत्र घरोघरी पोचले. 2011 मध्ये अमेरिकेतील रसीन कलासंग्रहालयाने केवळ पॉलिमर कलेचे ‘टेरा नोव्हा’ हे प्रदर्शन भरविले.

तंत्र पाहू. व्हेनिसच्या काचकामातून घेतलेल्या ‘मिल्लेफिओरी’ पद्धतीत निरनिराळ्या रंगांच्या वळ्या व पट्ट्या जुळवून जाड कांडी तयार करतात. तिच्या छेदात फूल दिसते. कांडी चोहोबाजूंनी हळूहळू दाबून बारीक केली की फूलही लहान होते, पण त्याची रचना मोडत नाही. मग पातळ चकत्या कापून मण्यावर बसवितात. दुसरी पद्धत ज्युडिथ स्किनर यांच्या नावाने ओळखली जाते. दोन रंगांचे त्रिकोण तिरक्या कडांनी जोडून आयत करावयाचा, त्याची घडी दरवेळी एकाच दिशेने घालून तो लाटावयाचा. वीस-पंचवीस वेळा असे केले की एक रंग दुसऱ्यात अलगद विरत जातो. हे ज्ञान कोणी घराण्यात कोंडून ठेवले नाही. ते मोकळे झाले म्हणूनच कला वाढली.

भाजण्यास मोठी भट्टी लागत नाही. साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअस उष्णता पुरते. मात्र वेष्टनावरील सूचना पाळाव्यात. अधिक तापल्यास लगदा करपून घातक वायू सुटतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मुलांजवळ मोठ्यांनी थांबावे आणि यासाठी वापरलेली भांडी स्वयंपाकात घेऊ नयेत. भाजलेला मणी ओल्या पॉलिशपेपरने घासला की नितळ होतो. टाकाऊ तुकडे फेकू नयेत. मण्याच्या गाभ्यात ते चालतात. हे अखेर प्लास्टिकच आहे, याचे भान असावे.

असा हार मोडीत कोणी घेणार नाही, गहाणही ठेवता येणार नाही. त्याची किंमत ठरते ती घडविणाऱ्याच्या कल्पनेवर आणि हातावर. आपल्या पाल्याने घडविलेला मणी पाहताना पालकांनी ‘हा कशाचा?’ असे न विचारता ‘हा कसा केलास?’ असे विचारावे, एवढीच आमची विनंती.