नाशिक-नागपूर नाणेफेक, बिनभांडणाची

तुम्ही नाशिकला बसून जुना कॅमेरा विकताय. घेणारे नागपूरचे, कधी न भेटलेले. किंमत ठरली, पण कुरिअरचे ३०० रुपये कुणी भरायचे यावर गाडी अडली. नाणं उडवावं, तर ते तुमच्याच हातात. नागपूरकर कशाला ऐकतील? बसा कॉम्प्युटरसमोर, करू आपण. दोघांकडे विंडोज, ७-झिप आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब हवं, तुमच्याकडे शिवाय ल्यूडोचा फासा. ७-झिप कुठल्याही फाइलचा ६४ अक्षरांचा हॅश काढून देतं, आपण त्याला ठसा म्हणू.

१. आधी अट लिहून पाठवा: "मी छापा किंवा काटा निवडतो. तुम्ही ओळखलंत तर कुरिअर माझ्याकडे, चुकलात तर तुमच्याकडे." "मान्य" असं उत्तर येईपर्यंत थांबा.

२. त्याखाली दुसरी अट पाठवा: "तुम्ही उत्तर दिल्यापासून १० मिनिटांत मी फाइल दाखवली नाही, किंवा ठसा जुळला नाही, तर मी हरलो." ही ओळ गाळू नका. हरलेला माणूस नेटवर्क गेल्याचं सांगून गप्प बसला, तर दुसरा इलाज नाही.

३. नाणं उडवून छापा की काटा ते ठरवा. मनानं ठरवू नका, सवय समोरच्याला लवकर कळते.

४. नोटपॅड उघडून पहिल्या ओळीत तेवढा एकच शब्द लिहा. दोन्ही शब्द असलेली फाइल बाद.

५. दुसऱ्या ओळीत आजची तारीख आणि "कॅमेरा कुरिअर" लिहा, म्हणजे जुनी फाइल खपवल्याचा संशय नको.

६. फासा ५० वेळा टाका आणि येतील ते आकडे तिसऱ्या ओळीत सलग लिहीत जा. हो, पन्नास वेळा. कंटाळा येतो, मलाही येतो. पण सगळे घसरतात ते इथेच. फाइलीत नुसतं "छापा" आणि तारीख असेल, तर नागपूरकर तशाच दोन फाइली बनवतील, एक छाप्याची आणि एक काट्याची. दोन्हींचे ठसे काढले की तुमचा कुठला ते मिनिटभरात कळलं! तारीख त्यांनाही ठाऊक आहे, फाशाचे आकडे मात्र नाहीत. आकडे मनाने ठोकू नका. बोटांतून मोबाइल नंबर, जन्मतारीख आणि १२३४५६ हेच बाहेर पडतं. फासा टेबलाखाली गेला तर वाकून बघा, अंदाजे लिहू नका.

७. फाइल सेव्ह करून नोटपॅड बंद करा. आता तिला हात लावायचा नाही. एक स्पेस वाढली तरी अख्खा ठसा बदलतो.

८. फाइलवर राइट क्लिक करून "सीआरसी एसएचए" मधलं "एसएचए-२५६" निवडा. विंडोज ११ मध्ये आधी "शो मोअर ऑप्शन्स" दाबावं लागेल. हे काम एखाद्या वेबसाइटवर करू नका, गुपित परक्याच्या हाती जातं.

९. आलेला ठसा कॉपी करून नागपूरकरांना पाठवा. हाताने टाइप केलात तर चुकणारच. आणि सांभाळा, ठशाऐवजी फाइलच गेली तर पुन्हा पहिल्यापासून, पन्नास फाशांसकट.

१०. तोच ठसा त्यांनी कॉपी करून तुम्हाला परत पाठवावा, असं सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर आपला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. त्यांच्याकडून आलेली प्रत तुम्हाला बदलता येत नाही.

११. आता त्यांना ओळखायला सांगा. उत्तर एका शब्दात हवं, "बहुतेक छापा" चालणार नाही.

१२. तो शब्द तुमच्या बाजूने पुन्हा पाठवा. मेसेज बदलण्याची सोय त्यांनाही आहेच की.

१३. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मजकूर मेसेजमध्ये चिकटवू नका, स्पेस आणि ओळी इकडेतिकडे होतात.

१४. नागपूरकरांना आलेल्या फाइलचा ठसा काढायला सांगा. त्याआधी ती उघडून सेव्ह केली, तर विनाकारण भांडण.

१५. दोन्ही ठसे त्यांना ताडून बघायला सांगा: एक नोटपॅडमध्ये चिकटवायचा आणि दुसरा कंट्रोल-एफने शोधायचा. सुरुवातीची चार अक्षरं बघून "जुळलं" म्हणणारे खूप भेटतात. सगळी ६४ जुळायला हवीत.

१६. ठसा जुळल्यावर पहिल्या ओळीतला शब्द वाचा. लागला निकाल.

पुन्हा कधी उडवायची वेळ आली तर नवी फाइल, नवे ५० आकडे. जुने आता उघडे पडलेत. आणि कुरिअर कुणीही भरो, कॅमेऱ्याला बबल रॅप तुम्हालाच लावायचाय.